नावाशिवाय एकही नोंद नको

३ डिसेंबर २०२४, जुईनगर

आज गावी जमातीच्या सभेत पाऊण तास बोललो आणि सभा जिंकली.

खाडीपुलाच्या रस्त्यात आमच्या कबरस्तानाचा पश्चिमेकडचा पट्टा जाणार, हे आता टळत नाही. दोन वर्षं निवेदनं दिली, मोर्चे काढले, प्रत्येक ठिकाणी मीच बोललो. हरलो. शेवटी मौलानांचा सल्ला घेऊन जमातीने मान्य केलं की पट्ट्यातल्या कबरींची माती गावाच्या वरच्या अंगाला नव्या जागेत न्यायची. रस्त्याच्या कार्यालयाची अट सरळ आहे. यादी द्या. यादीत जो असेल त्याला स्वतंत्र जागा आणि नावाची पाटी. जो नसेल त्याची माती एका सामाईक खड्ड्यात.

मग कुजबुज सुरू झाली की काही घराणी खोट्या कबरी घुसवून नव्या जागेत आपला कोपरा अडवणार. म्हणून मी ठराव मांडला: नावाशिवाय एकही नोंद नको, आणि एका कबरीवर एकच माणूस. म्हणालो, "माणूस जन्मल्यावर त्याला सर्वांत आधी नाव मिळतं आणि मेल्यावर तेवढंच उरतं. ज्याचं नाव नाही त्याच्या आडून उद्या कोणीही जागा हडपेल." सगळे हात वर झाले.

तौहीद जमातीचा सेक्रेटरी, माझा शाळेपासूनचा दोस्त. तो म्हणाला, "हसन, टाळ्या झाल्या. आता यादी कोन करनार ता सांग."

म्हणालो, मीच.

घरी येऊन रहिमाला ठराव वाचून दाखवला. तिने विचारलं, "एका कबरीवर एकच?" म्हणालो, एकच. ती तांदूळ निवडत होती, निवडत राहिली. बायकोला माझी भाषणं पस्तीस वर्षं ऐकून कंटाळा आला असणार, दोष देत नाही.

७ डिसेंबर

धाकट्या भावाची मुलगी तस्नीम ऐरोलीला एका कंपनीत डेटाबेस सांभाळते. तिने माझ्या कॉम्प्युटरवर सगळी मांडणी करून दिली. चाळीस वर्षं वर्ग घेतले, पण आज विद्यार्थी झालो आणि मजा आली. एका तक्त्यात कबरी, दुसऱ्यात नातेवाईक. जमातीची जुनी वही मुनशींनी लिहिलेली, ते आता हयात नाहीत; तिच्यात प्रत्येक दफनाला नोंद क्रमांक आहे आणि कबरीला वेगळा क्रमांक. दुसऱ्या तक्त्यातल्या प्रत्येक नातेवाइकाला पहिल्या तक्त्यातला एक नोंद क्रमांक धरूनच उभं राहावं लागतं. तो क्रमांक पहिल्यात नसला तर डेटाबेस त्याला उभंच करत नाही. मला ही शिस्त आवडली. आमच्या समाजाला हीच हवी होती.

माझे दोन्ही नियम तिने घातले. नाव रिकामं चालणार नाही. कबरीचा क्रमांक दुबार चालणार नाही.

"चाचा, नियम सुरुवातीलाच इतके कडक नका ठेवू. आधी जे आहे ते आत येऊ द्या, मग तपासू. आम्ही ऑफिसात असंच करतो."

मी तिला सांगितलं की नियम नंतर लावायचे म्हणजे न लावायचे, इतिहासात ज्या ज्या समाजांनी हे केलं त्यांचं काय झालं, वगैरे.

"चाचा, खोलीत मी एकटीच आहे. माइक नको."

११ डिसेंबर

सकाळी उघडून पाहतो तर दोनशे चाळीस नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. एकही अक्षर नाही. तस्नीमला फोन लावला. ती म्हणाली, दाखवताना चूक असेल तर अक्षरं परत येतात, साठवतानाच चूक झाली असेल तर गेली. आमची साठवतानाच गेली होती. तक्ता देवनागरी सामावेल असा केला होता, पण माझी फाइल ज्या वाटेने आत गेली ती वाट तशी नव्हती. तिने ती दुरुस्त केली आणि मी दोनशे चाळीस नावं पुन्हा टाइप केली. कबर एक्केचाळीसवर थांबलो. अम्माचं नाव होतं. १९८९.

रहिमा चहा घेऊन आली, मागे उभी राहिली. "एक्केचाळीसला कोण लिहिलंय?"

"अम्मा."

"अजून?"

"अजून कोण असणार?"

तिच्या मनात काय आहे ते माझ्या लक्षात आलं. १९९१ मध्ये आमची पहिली मुलगी दोन दिवस जगून गेली. मी नागपूरला शिक्षक परिषदेत होतो, समारोपाचं भाषण माझं होतं. परतलो तोवर सगळं उरकलं होतं. सातवा दिवस उजाडलाच नाही, त्यामुळे नावही ठेवलं नव्हतं. अब्बा म्हणाले, "नीट जागा दिली हाय तिला." लहान मुलांची ओळ पूर्वेच्या भिंतीकडे आहे, तो भाग रस्त्यात जात नाही. म्हणून रहिमाला धीर दिला, "आपल्या मुलीला कोणी हलवत नाही, काळजी करू नकोस."

ती कप उचलून गेली. चहा मी अजून घेतला नव्हता.

१४ डिसेंबर

आज दिवसभर डेटाबेस ठप्प. काहीही बदलायला गेलं की नुसतं फिरत बसतं. मी कॉम्प्युटर तीनदा बंद करून चालू केला. शेवटी तस्नीमने कंपनीतून बसल्या जागी पाहिलं आणि हसायला लागली. तौहीदला गावच्या कॉम्प्युटरवरून दुरुस्तीची मुभा दिली होती. त्याने एक दुरुस्ती सुरू केली, पक्की न करताच उठला आणि जेवायला गेला. जेवून झोपला. त्याने धरून ठेवलेली ओळ सुटेपर्यंत बाकी सगळे ताटकळत.

फोनवर त्याला झाडलं. तो म्हणाला, "अरे, माझ्या जेवनाला सगळी मयतं थांबली, यवढा मान मला आजवर कोनी दिला नाय."

१७ डिसेंबर

वही संपली; उरलेल्या ओळी तस्नीमने वहीच्या फोटोंवरून घातल्या. सदतीस नोंदी डेटाबेसने नाकारल्या. तस्नीमचा दुपारी फोन.

"चाचा, ह्या सदतीस मी वेगळ्या फाइलीत ठेवल्यात. सगळ्यांचं एकच लक्षण आहे. कबरीचा क्रमांक आधीच कोणाचा तरी आहे, आणि नावाच्या जागी आडवी रेघ. फक्त बापाचं नाव आणि तारीख."

"म्हणजे मुनशींची गफलत. म्हातारपणी एकच नोंद दोनदा केली."

"तारखा वेगळ्या आहेत."

"मग नंतर कोणीतरी घुसवल्या. ह्यासाठीच तर ठराव केला."

"तुम्ही एकदा नजर टाका ना. विशेषतः चौथं पान. मी घरी येते. आपण दोघं बसून बघू. चाचीपण."

"तस्नीम, कचऱ्यात नजर टाकायला माझ्याकडे वेळ नाही. यादी सत्तावीसला जायची आहे."

ती बरं म्हणाली. हुशार मुलगी आहे, पण आजच्या पिढीला ठाम नाही म्हणता येत नाही.

२१ डिसेंबर

काल जुम्म्यानंतर तौहीदच्या घरी बायका बसल्या आणि नातेवाइकांचे अर्ज भरून झाले. रहिमाही गेली होती. तिने माझी वाट न पाहता स्वतः अर्ज भरला, स्वतः सही केली, याचं कौतुक वाटलं.

आज अर्ज आत घालताना नऊ अडकले. त्यांच्यातला नोंद क्रमांक कबरींच्या तक्त्यात नाहीच. अशा ओळींना तस्नीमच्या धंद्यात अनाथ म्हणतात. आठ जणी गावच्या म्हाताऱ्या, त्यांना वहीतलं काय कळणार. पण नववा अर्ज रहिमाचा. अम्माची नोंद त्र्याहत्तर, हिने लिहिलंय अठ्ठ्याऐंशी. आणि नात्याच्या रकान्यात "आई". अम्मा वारली तेव्हा आमच्या लग्नाला सहाच महिने झाले होते, पण ती तिला आईच मानायची, म्हणून लिहिलं असेल. मला भरून आलं. तरी सरकारी कागद सरकारी असतो. मी अठ्ठ्याऐंशीचे त्र्याहत्तर केले, "आई" खोडून मृताशी नातं "सून" केलं. नोंद लगेच आत गेली.

बाकी आठ काढून टाकल्या. आता तक्त्यात एकही ओळ लोंबकळत नाही.

२३ डिसेंबर

तस्नीमने बॅकअप मागितला. मी रोज न चुकता घेत होतो. तिने फाइल उघडली तर रिकामी. डिस्क भरलेली होती, आठवडाभर मी रोज शून्य साठवून निश्चिंत झोपत होतो.

"चाचा, जो बॅकअप परत उभा करून पाहिला नाही तो बॅकअप नव्हेच."

जुन्या भाषणांची रेकॉर्डिंग काढून टाकली, जागा झाली. चोवीस भाषणं. आज स्वच्छ केलेल्या तक्त्याचा ताजा बॅकअप घेतला आणि परत उभा करूनही पाहिला. उत्तम. शोधही संथ होता, तोही तिने नावाच्या रकान्यावर सूची बांधून चपळ केला. आता नाव घातलं की पापणी लवायच्या आत माणूस समोर.

२७ डिसेंबर

यादी गेली. कार्यालयातला प्रीतम घरत आमच्या शेजारच्या गावचा. म्हणाला, "सर, सगल्या गावांत तुमचीच यादी येक नंबर हाय. येक पन डुप्लिकेट नाय."

तौहीदला हे सांगितलं. तो नुसता हूं म्हणाला.

३ जानेवारी २०२५

आज तौहीदच्या घरी चिठ्ठ्या वाटल्या. नव्या जागेतला क्रमांक, मृताचं नाव, नातेवाइकाचं नाव. रहिमा दुपारी परत आली. बुरखा काढायच्या आधी तिने चिठ्ठी माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

"ही अम्मांची. माझी कुठाय?"

"तुझी हीच. तूच तर सही केलीस."

"मी अठ्ठ्याऐंशीवर सही केली होती. आई म्हणून."

मी म्हणालो की ती चूक मी दुरुस्त केली. एवढं म्हणालो आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"अम्मांच्या पायाशी ठेवलीय तिला," रहिमा म्हणाली. "एकटी राहू नये म्हणून. दोन-चार दिवसांचं पोर आपल्यात आजीच्या नाहीतर आजोबांच्या पायाशीच देतात. भिंतीकडे ठेवतात ती मोठी. चालणारी."

"मला हे माहीतच नव्हतं."

"बायकांना माहीत आहे. खणणाऱ्याला माहीत आहे. तौहीदभाईंना माहीत आहे. मुनशींना होतं, म्हणून तर त्यांनी रेघ मारून का होईना लिहून ठेवलं."

"मग तू सांगितलं का नाहीस? इतके दिवस मी इथे, तुझ्यासमोर..."

"तुम्ही नागपूरहून आलात तेव्हा मला म्हणालात, सभा फार मोठी होती. मग म्हणालात, आता हिंमत धर. कुठे ठेवली ते विचारलं नाहीत. वाटलं उद्या विचारतील." तिने चिठ्ठीची घडी केली. "तेहतीस वर्षं झाली."

ती रडत नव्हती. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं.

४ जानेवारी

लिहवत नाही.

५ जानेवारी

सकाळपासून बॅकअप उलगडत बसलो. परत उभा राहिला, एकदम नीट, आणि त्यात अठ्ठ्याऐंशी नाही. मी पुसल्यानंतरच घेतलेला.

तस्नीमला बोलावलं. तिने नाकारलेल्यांची फाइल जपून ठेवली होती. चौथं पान. नोंद अठ्ठ्याऐंशी, कबर एक्केचाळीस, नाव आडवी रेघ, बाप हसन इब्राहिम मुकादम, जून १९९१. माझं संपूर्ण नाव. मुनशींनी लिहिलेलं तस्नीमने जसंच्या तसं टाइप केलेलं.

"तुला कळलं होतं."

"आईला विचारलं मी. आई म्हणाली, तू नको सांगूस, त्यांचं त्यांना बोलू दे. म्हणून म्हटलं होतं, आपण बसून बघू, चाचीपण." तिने मान खाली घातली. "मी अजून जोर करायला हवा होता."

मी त्या नोंदींना कचरा म्हणालो होतो, याची तिने मला आठवण करून दिली नाही.

८ जानेवारी

कार्यालयात गेलो. प्रीतमने फाइल पुढे ढकलली. पहिल्या पानावर माझाच ठराव, माझी सही.

"सर, माज्या हातात आसता तर मी आताच घेतल्या आसत्या. पन तुमीच लिवून दिलाय, नावाशिवाय नोंद नको. सायबांनी त्याच्यावरच शिक्का मारला. आता नाव आना. पंधरा तारखेपरत पुरवनी यादी घेतो. नाव नाय त्याचा काय करू मी?"

एक कबर दोघांची, हे त्याने मान्य करून घेतलं. नावाचं मात्र नाही. मी वाद घातला. आयुष्यात प्रथमच मला माझ्या विरुद्ध बोलायचं होतं आणि माझा मुद्दा मला खोडता आला नाही.

तस्नीमने डेटाबेसमधले दोन्ही नियम काढायला एक मिनिट घेतलं. सदतीसही ओळी आत आल्या. तिथे कोणाचीच हरकत नव्हती.

११ जानेवारी

तौहीद आणि मी घरोघर फिरतोय. काय विचारायचं हेच आधी कळेना. ज्या मुलाचं नाव ठेवायची वेळच आली नाही त्याचं नाव आज, चाळीस-पन्नास वर्षांनी, नुसत्या कागदासाठी कसं मागायचं? मी शब्द जुळवत होतो. तौहीद म्हणाला, "तू बोलू नको. मी विचारतो."

बतूलखाला आता मोऱ्याला लेकीकडे असते, धक्क्याच्या जवळ. वय ब्याऐंशी. काढून टाकलेल्या आठ अर्जांपैकी एक तिचा. डोळ्यांना दिसत नाही. तौहीदने विचारलं, "खाला, सत्तरच्या साली तुझा पोर गेला, त्याचा नाव कागदावर घालायचा हाय."

"यूसुफ," ती म्हणाली. जराही थांबली नाही. अंगणातून जेवायला हाक मारावी तसं म्हणाली.

"नाव ठेवलेलं होतं?" मी न राहवून विचारलं.

"पोटात होता तवाच ठेवलेला. कोनी इचारला नाय, मी सांगितला नाय." मग आवाजाच्या दिशेने तोंड वळवून, "तू कोन रे? तो भाषनवाला हसन काय?"

हो म्हणालो.

"मोटा झालास," ती म्हणाली.

१४ जानेवारी

चार दिवसांत एकतीस नावं मिळाली. नऊ आयांपैकी आठ जणींकडे, बाकीची बहिणींकडून, मावश्यांकडून. जिथे गेलो तिथे नाव तयार होतं. एकाही बाईला विचार करावा लागला नाही. मी पुरुष म्हणून, शिक्षक म्हणून, वक्ता म्हणून या गावात साठ वर्षं वावरलो आणि ही एकतीस मुलं माझ्या आसपास नावानिशी होती.

पाच जणांचं सांगायला कोणी उरलेलं नाही. घरंच्या घरं गेली. तौहीद म्हणाला, "आपनच ठेवू पाच नावं, अल्ला माफ करील." मौलाना म्हणाले, खोटं लिहू नका. मीही नको म्हणालो. ते पाच सामाईक खड्ड्यात जातील. माझ्या ठरावाने जातील.

राहिली एक.

१५ जानेवारी

तस्नीम सकाळीच आली. रहिमा तिला म्हणाली, "तू बस, मी सांगते." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही जरा दूध आणाल?"

दूध फ्रिजमध्ये होतं, आम्हा तिघांनाही माहीत होतं. मी पिशवी घेऊन उतरलो. स्टेशनसमोरच्या डेअरीवर उभा राहिलो. दुकानदाराने दोनदा विचारलं, काका, किती? परत आलो तेव्हा तस्नीम डोळे पुसत होती आणि यादी निघून गेली होती. रहिमा स्वयंपाकघरात. मी प्रत मागितली नाही. डेटाबेस माझ्याच टेबलावर आहे, अठ्ठ्याऐंशी टाइप करायचं, पापणी लवायच्या आत समोर येईल. केलं नाही.

१९ जानेवारी

आज माती हलवली.

एक्केचाळीसवर मीच उतरलो. खणणाऱ्याने काठीने जागा दाखवली, "सर, आजी हिथपरत. ही हिची." दीड वीत जागा. काही नव्हतं तिथे, मातीच होती, बाकीच्या मातीसारखी. दोन्ही हातांत मावली. नव्या पांढऱ्या कापडात बांधून वर दिली.

नव्या जागेत सगळं झाल्यावर दुआच्या आधी नावं वाचायची होती. जमातीने ते काम मला दिलं, आवाज माझाच पोचतो म्हणून. बायका भिंतीबाहेर उभ्या होत्या. मोठ्यांची यादी वाचली, मग पुरवणी. यूसुफ वाचलं तेव्हा भिंतीपलीकडे कोणीतरी आमीन म्हणालं. पुढची ओळ अठ्ठ्याऐंशी. कागदावर बोट ठेवलं आणि बोटाखाली काय आहे ते पाहायच्या आधी कागद तौहीदच्या हातात दिला. ज्या नावाने तिची आई तिला तेहतीस वर्षं मनात हाक मारते ते नाव मी चारशे माणसांत पहिल्यांदा वाचून दाखवणार होतो, जसं काही मला ते माहीत होतं.

तौहीदने वाचलं. मी ऐकलं. इथे लिहीत नाही. मला कोणी सांगितलेलं नाही.

२० जानेवारी

दुपारी जेवताना रहिमाला विचारलं, "नाव कधी ठेवलं होतंस?"

"सातव्या महिन्यात."

"मला सांगशील?"

"काल ऐकलंत ना."

"तौहीदकडून ऐकलं. तुझ्याकडून नाही."

तिने तव्यावरची भाकरी उलटली, फुगेपर्यंत पाहत राहिली, मग माझ्या ताटात वाढली आणि दुसरी तव्यावर टाकली.

"दिसायला कशी होती?" मी विचारलं.

तिने गॅस बारीक केला आणि ती माझ्यासमोर येऊन बसली.

"केस फार होते," ती म्हणाली. "कपाळावर येत होते."

ती पुढे बोलेल म्हणून मी थांबलो. तव्यावरची भाकरी जळल्याचा वास आला, तरी आम्ही दोघंही उठलो नाही.